घरातला जुना टीव्ही भंगारात घालण्यापूर्वी



या पानावर आम्ही दरवेळी लागण, खोडवा, बेणे आणि खत यांविषयी लिहितो. यावेळी टीव्हीचा विषय पाहून काहींना वाटेल की ऊस विकास अधिकाऱ्याला हे कोणी सांगितले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी एक घडलेली हकीकत सांगतो. तीत आमची चूकही आहे, ती झाकून ठेवत नाही.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही नदीकाठच्या एका वस्तीवर खोडव्याची पाहणी करत होतो. तिथे आमच्या एक भगिनी सभासद आहेत. वय सत्तरीच्या पुढे, मालक जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा पिंपरीला नोकरीस. दोन एकर ऊस आक्का स्वतः बघतात. पाणी पाजायला गडी असतो, पण कोणत्या सरीला किती पाणी गेले ते आक्कांना पाठ असते. त्यांच्या फडात हुमणीने खाल्लेली काही बेटे दिसली. आम्ही म्हणालो, "आक्का, गेल्या जूनमध्ये भुंगेरे गोळा करायची मोहीम होती. गट ऑफिसला मीटिंग झाली, मोबाईलवर निरोपही टाकला होता. तुम्ही आला नाहीत?"

आक्का म्हणाल्या, "सायेब, मीटिंग रात्री आठाला. म्या एकली बाई रात्रीची दोन मैल कुठं येऊ? आन् मोबाईल हाय, त्यो पोराशी बोलायपुरता. आधी टीव्हीवर शेतीचं सांगायचे, ते ऐकून करायची. आता त्योबी बंद."

घरात गेलो तर कोपऱ्यात टीव्ही होता. वर भरतकामाचे कापड, त्यावर मालकांचा फोटो. १९९६ साली उसाच्या बिलातून घेतलेला एकवीस इंची रंगीत डबा टीव्ही. वस्तीवर केबल कधी आलीच नाही. परसात लोखंडी पाइपवर अँटेना अजून उभा, त्यावर साळुंक्या बसतात. लावला तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. तीन वर्षे असेच चालले होते. भंगारवाला तीनशे रुपये देतो म्हणत होता. एका दुकानदाराने सांगितले होते, "हा संच आता कायमचा बाद, चौदा हजारांचा नवा घ्या, हप्ते पाडून देतो." आक्का पुढच्या बिलावर भरवसा ठेवून हप्त्याला तयारही झाल्या होत्या. आम्हाला म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हून टाकून द्यायचा व्हय? मग उद्या आमालाबी टाकचाल."

हे बोल आमच्या मनाला लागले. संच बिघडलेलाच नव्हता. बंद झाले होते ते त्याच्याकडे येणारे प्रक्षेपण. बेणे आले नाही म्हणून कोणी जमीन विकत नाही. आक्कांना नवी जमीन नव्हे, नवे बेणे हवे होते.

प्रक्षेपण का बंद झाले?

थोडा मागचा इतिहास सांगतो, म्हणजे गोष्ट नीट ध्यानात येईल. दिल्लीला १९५९ साली दूरदर्शन सुरू झाले. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' आले. आरंभी ते दिल्लीजवळच्या ८० खेड्यांसाठी होते. म्हणजे आपल्या देशात टीव्हीने शेतकऱ्याची ओळख फार लवकर करून घेतली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील मनोऱ्यामुळे पुण्याकडे चित्र दिसू लागले. १९८२ मध्ये रंग आले आणि १९८४ च्या सुमारास तालुक्या-तालुक्याला लहान प्रक्षेपण केंद्रे झाली. तेव्हाच आपल्या भागात घरोघर अँटेना उभे राहिले. 'आमची माती आमची माणसं' लागले की शेजारपाजारचे चार जण उंबऱ्याशी येऊन बसत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

ती सगळी केंद्रे अॅनालॉग पद्धतीची. त्या पद्धतीत एका वाहिनीला हवेतील लहरींचा मोठा पट्टा लागतो. डिजिटल पद्धतीत चित्र आणि आवाज आकड्यांत बांधून, दाबून पाठवतात, त्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात अनेक वाहिन्या बसतात. म्हणून जगभर अॅनालॉग मागे पडले. आपल्याकडे केबलसाठी २०११ मध्ये कायदा बदलला आणि टप्प्याटप्प्याने ३१ मार्च २०१७ ही ग्रामीण भागापर्यंतची अखेरची मुदत ठरली. दूरदर्शनने आपली जमिनीवरची अॅनालॉग केंद्रेही क्रमाने बंद केली. २०२१-२२ पर्यंत त्यांतील बहुतेक थांबली. आक्कांच्या पडद्यावर मुंग्या आल्या त्या यामुळे.

कन्व्हर्टर बॉक्स म्हणजे काय?

आपल्या भाषेत सांगायचे तर बॉक्स म्हणजे एक लहानसा कारखाना. घरात कोणी ऊस चहात घालत नाही, साखर घालतो. जुन्या टीव्हीला डिजिटल सिग्नल म्हणजे नुसता ऊस, तो त्याला खाता येत नाही. बॉक्स त्या सिग्नलचे गाळप करतो आणि जुन्या संचाला पचेल असे साधे चित्र व आवाज बाहेर देतो. संचाच्या आत काही बदलावे लागत नाही.

ही युक्ती नवीन नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहावरून खेड्यांना शिक्षण व शेतीचे कार्यक्रम दाखवण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी त्यात होती, शेजारच्या कर्नाटकातीलही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, आणि उपग्रहाचा सिग्नल नेहमीच्या संचाला समजेल असा करणारा कन्व्हर्टर, अशी ती जोडणी होती. म्हणजे खेड्यातला टीव्ही पन्नास वर्षांपूर्वीही बॉक्सच्या मदतीने चालला आहे. आता छत्री दहा फुटांवरून दोन फुटांवर आली, इतकेच.

आम्ही केलेली चूक

आक्कांना आम्ही शब्द दिला, "आठ दिवसांत चालू करून देतो." आमचे शिक्षण शेतकी पदविकेचे. विजेचे ज्ञान फ्यूज बांधण्यापुरते. बाजारातून पहिला दिसला तो बॉक्स आणला. त्याला फक्त एचडीएमआयचे तोंड निघाले, नव्या टीव्हीचे. जुन्या संचाला तसले तोंडच नसते. मग मधला कन्व्हर्टर आणला, तर तो उलटा निघाला! जुने चित्र नव्या टीव्हीला देणारा. आम्हाला हवा होता नव्याचे जुने करणारा. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच. तालुक्याच्या गावी एक जुना मेकॅनिक आहे, तो हसून म्हणाला, "साहेब, बेणं आणताना डोळा कुठं आहे ते बघता की नाही? मग हे बघितलं नाही होय?" त्याने सगळे समजावून दिले, तेच खाली लिहितो. आमचे दोन हेलपाटे झाले, ते आपले होऊ नयेत.

आधी आपल्या संचाची पाठ पाहा

खरेदीला जाण्यापूर्वी टीव्हीच्या मागे (काही संचांत पुढे किंवा बाजूला) काय आहे ते पाहून या.

१. पिवळी, पांढरी, तांबडी अशी गोल छिद्रे असतील तर काम सोपे. पिवळे चित्राचे, पांढरे व तांबडे आवाजाचे. काही संचांत तांबडे नसते, तिथे पिवळे आणि पांढरे पुरते. असा संच असल्यास बॉक्सला 'एव्ही' तोंड आहे ना, एवढे दुकानात पाहून घ्या.

२. फक्त अँटेनाच्या वायरीचे छिद्र असेल, जसे जुन्या कृष्णधवल संचांना असते, तर बॉक्सला 'आरएफ आउट' हवे. ते नसेल तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यामध्ये 'आरएफ मॉड्युलेटर' नावाची डबी लावावी लागते. मग पूर्वी केंद्र लावत होतो तसा टीव्हीवर ठरावीक चॅनेल शोधून चित्र आणायचे.

३. बॉक्स आधीच घेतला असेल आणि त्याला फक्त एचडीएमआय असेल, तर 'एचडीएमआय ते एव्ही' असा कन्व्हर्टर मागा. 'एव्ही ते एचडीएमआय' नव्हे. त्या डबीला बहुधा वेगळी वीज लागते, मोबाईलच्या चार्जरवर ती चालते.

कोणता बॉक्स घ्यावा?

ज्यांच्याकडे केबल किंवा खाजगी डिश आहे, त्यांना त्या त्या कंपनीचाच बॉक्स लागतो आणि दरमहा पैसे भरावे लागतात. पैसे थांबले की चित्र थांबते. त्या कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीवर सहसा चालत नाही, म्हणून स्वस्त मिळतो म्हणून कोणाचा जुना घेऊ नये.

वस्तीवरच्या सभासदांसाठी आम्हाला दूरदर्शनची मोफत डिश सोयीची वाटते. डिसेंबर २००४ मध्ये ती 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आता तिचे नाव 'डीडी फ्री डिश'. छत्री, बॉक्स आणि वायर यांचा एकदाचा खर्च सुमारे २,००० रुपये, पुढे महिन्याचे काही नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आणि मे २०१५ मध्ये सुरू झालेली शेतकऱ्यांची 'डीडी किसान' तीवर दिसतात. घेताना बॉक्स 'एमपीईजी-४' आहे का, हे विचारा. जुन्या 'एमपीईजी-२' बॉक्सवर काही वाहिन्या उघडत नाहीत.

छत्री कुठे तोंड करून लावावी?

हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर आहे. आपल्या पश्चिम महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो. उगवतीकडे तोंड करून उभे राहिले की उजवा हात दक्षिण, त्या दोहोंच्या मधली दिशा आग्नेय. उंची क्षितिजापासून सुमारे ६० अंश, म्हणजे माथ्यापर्यंतच्या अंतराचे दोन भाग वर. या छत्रीची नजर तिच्या तोंडापेक्षा जास्त वर असते, म्हणून ती दिसायला फार उताणी वाटत नाही, त्याने फसू नये.

काहींनी विचारले, "ऊस बारा फूट वाढला की आड येईल का?" छपरावरच्या छत्रीला ऊस आड येत नाही. आग्नेयेला अगदी जवळ उभा असलेला नारळ किंवा आंबा मात्र येतो. छत्रीचा पाय हलता नसावा. वाऱ्याने बोटभर सरकली तरी चित्र जाते.

किरकोळ दोष आणि उपाय

पुढील दोषांसाठी लगेच मेकॅनिक बोलावण्याची गरज नाही.

पडदा निळा किंवा काळा, चित्र नाही: टीव्ही 'एव्ही'वर आहे का ते पाहा. रिमोट हरवला असेल तर बहुतेक संचांवर त्यासाठी बटण असते.

चित्र रंगीत नाही, किंवा वर-खाली सरकते: बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'पाल' निवडा. आपले जुने संच त्या पद्धतीचे आहेत.

आवाज येतो, चित्र नाही, किंवा स्पीकरमधून घुमल्यासारखी घरघर येते: बारीक पिनेच्या वायरीत रंगांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो. पिवळी पिन काढून त्या जागी तांबडी किंवा पांढरी लावून पाहा. यात काही जळत नाही.

माणसे लांबट किंवा चेपलेली दिसतात: बॉक्समध्ये '४:३' ही मोजणी निवडा. नवी चित्रे रुंद असतात, जुना पडदा चौकोनी. वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर त्या दोष नव्हेत.

कालची वाहिनी आज नाही: या डिशवरच्या वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे त्या बदलतात. 'ऑटो स्कॅन' करावे. वर्षातून दोन-तीन वेळा करण्याची सवय ठेवावी.

मुसळधार पावसात चित्र तुटते: दाट ढग आणि पाऊस या लहरी शोषून घेतात. पाऊस ओसरला की चित्र येते. छत्री हलवू नका.

आता दोन गोष्टी जिवाच्या. एक, डबा टीव्हीची पाठ कोणीही उघडू नये. बटण बंद केल्यावरही आत हजारो व्होल्टचा साठा राहू शकतो. दोन, विजा चमकू लागल्या की टीव्ही व बॉक्स दोन्हींच्या पिना भिंतीतून काढाव्यात, छत्रीची वायरही सोडावी. वळवाच्या दिवसांत हे विसरू नये.

नवा कधी घ्यावा?

जुन्याचा हट्ट धरा असेही आमचे म्हणणे नाही. चित्रनळी मंद झाली, चित्र उजळायला बराच वेळ लागतो, किंवा दुरुस्तीचा खर्च बॉक्सहून जास्त येतो, तर तो संच सोडावा. नवे संच वीजही कमी घेतात. मात्र फुटलेला डबा टीव्ही बांधावर किंवा ओढ्यात टाकू नये. त्याच्या काचेत शिसे असते, ते जमिनीत व पाण्यात जायला नको. ई-कचरा घेणाऱ्याकडेच तो द्यावा. पण 'सिग्नल येत नाही' एवढ्या कारणावरून उसाचे बिल हप्त्यात गुंतवण्यापूर्वी आमचे हे पान एकदा वाचावे, इतकीच विनंती.

पुढे काय झाले

मे महिन्याच्या शेवटी आक्कांचा टीव्ही लागला. पहिल्या दिवशी त्यांनी फोटो उतरवून पुसला, कापड घडी घालून ठेवले आणि बातम्यांपासून शेतीपर्यंत सगळे पाहिले. जूनच्या पहिल्या पावसानंतर त्यांनी आमच्या चिटबॉयकडे निरोप धाडला: "बाभळीवर भुंगेरं आल्यात. फांद्या हलवून रॉकेलच्या पाण्यात टाकायचं सांगत्यात टीव्हीवर. तुमची माणसं कवा येनार? का आमीच सुरू करू?"

आमची माणसे पोचेपर्यंत आक्कांनी शेजारच्या दोन घरांतल्या बायका आणि पोरे गोळा करून काम सुरूही केले होते. हुमणी एका वर्षात जात नाही, हे आपण सगळे जाणतो. टीव्हीने हुमणी गेली असे आम्ही म्हणत नाही. पण त्या वस्तीवर त्या साली भुंगेरे वेळेवर गोळा झाले, आणि आमच्या मीटिंगला कधीही न आलेल्या बायकांनी ते केले.

तेव्हा आम्हाला आमची खरी चूक उमगली. बॉक्स उलटा आणला ती चूक लहान. रात्री आठची मीटिंग आणि मोबाईलवरचा निरोप एवढ्यावर 'सर्व सभासदांना कळवले' असे आम्ही रजिस्टरला लिहीत होतो, ती मोठी. सभासद म्हणून ज्यांची नावे आहेत त्यांतल्या कितीतरी भगिनी, वयस्क आणि वस्तीवरचे लोक त्यात बसतच नव्हते. आता त्या गटात आम्ही एक बैठक दुपारी तीनला वस्तीवरच घेतो. आक्का पहिल्या रांगेत बसतात आणि आम्हाला अडचणीचे प्रश्न विचारतात.

ज्यांच्या घरी असा झाकून ठेवलेला संच असेल, त्यांनी संचाच्या पाठीमागच्या छिद्रांचे रंग कागदावर लिहून चिटबॉयकडे द्यावेत. काय लागेल ते आम्ही विचारून कळवू. विकणे आमचे काम नाही आणि कोणत्याही दुकानाची शिफारस आम्ही करत नाही. एवढे मात्र करा: आपल्या शेजारी एखादी एकटी आक्का किंवा आप्पा असतील तर सणासुदीला गेल्यावर त्यांचा टीव्ही चालतो का, तेवढे विचारा. बंद असेल तर पावसाळ्यापूर्वी चालू करून द्या.



आपला,
ऊस विकास अधिकारी